तीया चेलाचा आवाज

प्रोफेसर हॅलोरननी माझा केसाने गळा कापला, आणि वर माझंच अभिनंदन केलं.

आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात मी इतिहास शिकत होते. पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात काढायची आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला शिरायचं, हा आम्हा स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्या पोरांचा ठरलेला रस्ता. हॅलोरन म्हणायचे, "इतिहास राजांचा नसतो, तुमच्या आयांचा असतो." असं बोलणारा गोरा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. भुलले, दुसरं काय!

त्यांनी घरच्या कुणाची तरी मुलाखत रेकॉर्ड करून आणायला सांगितलं. मी तीया चेलाला धरलं. तीया म्हणजे मावशी; ती माझ्या आईची बहीण, आणि मला लहानाचं मोठं तिनेच केलं. ऐंशीच्या दशकात भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात जो लांबलचक संप झाला, त्यात ती होती. त्या संपातल्या बायांना गावात अजून मान आहे. संप फोडून कामावर गेलेल्यांच्या मयतालाही इथे कुणी जात नाही.

चवळी निवडता निवडता तीया बोलत होती. मध्येच तिचे हात थांबले.

"ते यंत्र चालू आहे का गं?"

"बंद करू?"

"राहू दे. एकदा कुणाला तरी सांगून टाकू दे मला. पण तुझ्या वर्गापुरतं हं, नोएमी. शब्द दे."

मी दिला. मग तिने सांगितलं. संप ऐन रंगात असताना मुलाचा दमा बळावला, औषधं परवडेनात. आई आजारी आहे, सीमेपलीकडे माहेरी मेहिकालीला जाते, अशी थाप मारून ती त्याच मालकाच्या लांबच्या दुसऱ्या कारखान्यात कामाला गेली. बाहेर तिथल्या संपकरी बाया फाटक अडवून उभ्या होत्या. ही बसमध्ये सीटखाली मान घालून आत शिरली. पोराला बरं वाटल्यावर परत येऊन पुन्हा घोषणा द्यायला लागली.

"सर, हे फक्त मार्कांसाठी," मी हॅलोरनना बजावलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "नोएमी, इतिहासकाराचा शब्द आहे."

ऑक्टोबरात गावच्या लायब्ररीत संपाच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत त्या सगळ्या जुन्या बाया नटूनथटून बसलेल्या, आणि मधोमध तीया. हॅलोरन माइकवर आले. म्हणाले, "आता एका अनामिक कामगार स्त्रीचं मनोगत ऐकू." आणि त्यांनी बटण दाबलं.

तीयाचा आवाज घोगरा. पहिल्या वाक्यालाच बाया खुदकन हसल्या.

"अगं, ही तर आपली चेला!" कुणीतरी तिला कोपराने ढोसलं. "आम्हाला बोलली नाहीस ती? मोठी छुपी रुस्तम गं तू!"

आवाज पुढे बोलत राहिला. मेहिकाली आली, मग बस आली. हसू एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं. मी धावत जाऊन वायर उपटली, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

दोन्या कूका उठली. संपाची पुढारी ती, आणि तीयाच्या मुलाची बाप्तिस्म्यातली धर्माची आई.

"चेला, तुझी आई मरायला टेकली होती ना? तिच्या नावानं रोज मेणबत्ती लावायचे मी. माझी पोरं उपाशी निजायची, आणि मी तुझ्या आईसाठी मेणबत्त्या विकत आणायचे!"

तीया पर्स उराशी धरून बसून राहिली. बाया तिच्या पायांवरून ओलांडून निघून गेल्या.

मी हॅलोरनना दारात गाठलं. राग असा, की मला धड रडताही येईना.

"शब्द दिला होतात तुम्ही!"

"पण नाव कुठे घेतलं मी?"

"नाव? अहो, शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं ब्रोकोली कापलीय त्यांनी. आवाज ओळखणार नाहीत?"

हे खरंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. एवढा शिकलेला माणूस! क्षणभर ते वरमले, मग सावरून म्हणाले, "असं प्रामाणिक कथन दुर्मीळ असतं, नोएमी. तुझ्या शिफारसपत्रात मी याचंच कौतुक केलंय. अभिनंदन! प्रवेश तुझाच."

"परत घ्या ते पत्र."

"ते गेलंसुद्धा."

डिसेंबरात नाताळचे तमाले करायचा दिवस आला. दरवर्षी त्या सगळ्या बाया तीयाच्या स्वयंपाकघरात जमायच्या. मक्याच्या सालींत पीठ भरायचं, घड्या घालायच्या, आणि सगळ्यांच्या नवऱ्यांची यथेच्छ निंदा करायची. यंदाही तीयाने सगळ्यांच्या हिशोबाने पीठ मळलं, खुर्च्या मांडल्या. दुपार कलली तरी दार वाजलं नाही. शेवटी आम्ही दोघीच भरायला बसलो.

"मी नाही जायची त्या युनिव्हर्सिटीत," मी म्हटलं.

"जा की. निदान कुणाचं तरी भलं होऊ दे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त झोंबलं.

"तीया, तो माणूस दगाबाज निघाला गं. मी सांगितलं होतं त्याला. शब्द दिला होता त्याने."

तीयाने साल हातात घेतली, पीठ थापलं, कडा दुमडल्या.

"त्याने तुला दिला होता, पोरी. मला तू दिला होतास."