खिळ्याची परवानगी

गवंड्याने थापीचा दांडा छतावर आपटला आणि परातीएवढा गिलावा थेट काजबाईंच्या पायाशी येऊन फुटला.

"मिस्त्री, हळू! माझं घर आहे ते."

"म्हणून तर हळू मारला. जोरात मारला असता तर आपण दोघं खालच्या मजल्यावर असतो." त्याने वर पाहत 'च्च' केलं. "चांगलीच ओल मुरलीय, बाई. विकणाऱ्याने वरून ताजा रंग फासून तुमच्या गळ्यात मारलंय. घेताना पाहिलंत तरी काय?"

काय पाहिलं नव्हतं! नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठल्या बाजूला पळतं ते पाहिलं. दाराची कडी, खिडकीतलं ऊन, शेजारणीचा आवाज, सगळं तपासलं. फक्त मान वर केली नाही. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. भाडेकरूला छताशी काय देणंघेणं? छत मालकाचं. काजबाई मालकीण व्हायला निघाल्या, पण घर घेतलं ते भाडेकरूच्या डोळ्यांनी.

शिवणाच्या कारखान्यात शर्टांना काज करण्यात त्यांची उमर गेली, म्हणून काजबाई. नवरा गेला, मग डोळे अधू झाले, मग कारखान्याने हिशेब हातावर ठेवला. त्या पैशाला पाय फुटायच्या आत त्यांनी ही वरच्या मजल्यावरची दीड खोली घेतली. राहायला नाही, भाड्याने द्यायला. स्वतः त्या अजून जुन्या अंधाऱ्या खोलीतच भाडं भरून राहत. कुणी विचारलं तर म्हणत, "स्वतःच्या घरात राहणं मला परवडत नाही."

ऐकणारा हसे, पण हिशेब चोख होता. इथून येणारं भाडं तिथे जाणाऱ्या भाड्यापेक्षा जास्त, आणि मधे जी फट उरेल तीत त्यांचं जेवणखाण आणि औषधं बसणार होती. फट नाही उरली, तर धाकट्या दिराच्या घरी जिन्याखालची खाट होती. दिराने ती आधीच मांडून वर चादरसुद्धा घातली होती. माणूस प्रेमळ, फक्त त्याचं प्रेम नेहमी आपण पडायच्या आधीच उचलायला येऊन उभं राही.

घरात त्याला सगळे 'वकील' म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण घरचं एकही भांडण त्याच्या युक्तिवादाशिवाय निकाली निघत नसे. बातमी कळताच तो नाकाला रुमाल लावून हजर झाला.

"वहिनी, मी म्हटलं नव्हतं?"

"भाऊजी, तुम्ही नेहमीच म्हटलेलं असतं."

"आता तरी ऐका. खालून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारा. माझ्या ओळखीचे बँकेतले एक साहेब जागा शोधतायत. एकटा जीव. अनामत जागेवर मोजतील. उन्हाळाभर काही दिसायचं नाही."

"आणि मग?"

"मग त्यांचं ते बघतील. तुम्हाला विकणाऱ्याने तुमचं बघितलं का?"

मुद्दा बिनतोड होता, हीच पंचाईत. काजबाई हळूच गवंड्याला म्हणाल्या, "रंगाला किती लागतील हो?"

त्याने आकडा सांगितला. अगदीच किरकोळ होता.

"रंग स्वस्तच असतो, बाई. म्हणून तर जग एवढं रंगलंय. छत वरून दुरुस्त करायचं तर जुना थर खरवडायचा, भेगा भरायच्या, नवा उतार द्यायचा. तुम्ही फरशीला, ओट्याला, रंगाला जे काही ठेवलंय ते सगळं वर जाईल. पण मी तर म्हणतो, पैसा पाण्याच्या वाटेवर घालावा, डोळ्यांच्या वाटेवर नाही."

"तुम्ही म्हणणारच! काम तुम्हालाच मिळतंय," वकील म्हणाला.

"मग? फुकट सल्ला द्यायला मी काय तुमच्यासारखा वकील आहे?"

काजबाई छताकडे बघत होत्या. ताज्या पांढऱ्या रंगाखाली त्यांनी कमी वेळा गादी अंथरली नव्हती. दरवेळी पावसाळ्यात तोच रंग पोपडे होऊन ताटात पडे, आणि मालक म्हणे, तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेने झालं.

"वरून करा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कुणाच्या ताटात छत पडणार नाही."

पैसे खरंच सगळे वर गेले. खाली मग जुगाड सुरू झाला. पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्याकडून दार आणलं. एका कोपऱ्याचा टवका उडालेलं बेसिन निम्म्या भावात पदरात पाडून घेतलं आणि तो कोपरा भिंतीकडे केला. जुन्या फरश्या स्वतः गुडघ्यांवर बसून घासल्या. छताला आतून सिमेंटचं करडं ठिगळ तसंच राहिलं. त्याला झाकायला पैसे नव्हते.

गवंड्याने गच्चीतलं पाणी जायचं भोक बुजवून वर पाणी तुंबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काजबाई खाली उघड्या फरशीवर उताण्या पडल्या आणि ठिगळाकडे बघत राहिल्या. मान दुखली तेव्हा उठल्या. थेंब पडला नव्हता.

बँकेतले साहेब आले तेव्हा वकील त्यांच्या पुढे पुढे चालत होता. साहेबांनी वर पाहिलं.

"हे काय?"

"डिझाइन आहे," वकील म्हणाला.

"ठिगळ आहे," काजबाई म्हणाल्या. "ओल होती. वरून बंदोबस्त केलाय. गच्चीवर चला, दाखवते."

साहेब गच्चीवर गेले नाहीत, जिना उतरून गेले. वकिलाने कपाळावर हात मारला. "खरं बोलल्याशिवाय काही अडलं होतं का, वहिनी? चला, मी खाटेवरची चादर बदलून ठेवतो."

"चादर राहू द्या, खाटच पाठवून द्या. भाडेकरूला होईल."

पण भाडेकरू कुठे होता? जो येई तो ठिगळ बघून परत जाई. काजबाईंचं रात्रीचं जेवण चहावर आलं. तरी घर दाखवायची रीत त्यांनी बदलली नाही. आधी गच्चीवर नेऊन तुंबवलेलं पाणी दाखवायचं, मग खाली आणून कोरडं ठिगळ.

एका सकाळी बेकरीतला एक कारागीर बायकोला घेऊन आला. नवरा नळ सोडून बघत होता. बायकोने दारातूनच मान वर केली.

"गळतं का हो?"

काजबाईंना तिचा भलताच आदर वाटला. "वर चल, दाखवते."

पाणी बघून, खाली येऊन, ठिगळ हाताला ओलं लागतंय का ते बघायला नवऱ्याला स्टुलावर चढवून तिने खात्री केली. मग भाड्यात घासाघीस केली. फट जराशी अरुंद झाली, पण उरली.

"मालकीणबाई," ती म्हणाली.

काजबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"एक विचारू? भिंतीला खिळा मारलेला चालेल?"

काजबाई भिंतीवरून हात फिरवू लागल्या, तशी ती घाबरून म्हणाली, "नको तर नको. आधीच्या मालकांनाही नाही चालायचं."

कुठल्याच मालकाला चालत नसे. प्रत्येक बिऱ्हाडात किल्ली हातात पडायच्या आधी तीच अट. काजबाईंच्या नवऱ्याचा फोटो इतकी वर्षं ट्रंकेवर भिंतीला पाठ टेकून उभा होता. दार जोरात लागलं की तोंडावर पडे, आणि त्या रोज उचलून पुसत.

त्यांनी कोपऱ्यातून गवंड्याची विसरलेली हातोडी आणि पाच खिळे आणून तिच्या हातात दिले.

"मार. हवा तिथे मार. फक्त बेताने मार. भोक काय कुणीही पाडतं, उसवू देऊ नये."

ती तीन खिळे मारेपर्यंत काजबाई तिथेच उभ्या राहिल्या. मग उरलेले दोन खिळे पदराच्या टोकाला बांधले, हातोडी मागून घेतली आणि निघाल्या.

आपल्या अंधाऱ्या खोलीत येऊन त्यांनी फोटो ट्रंकेवरून उचलला, पुसला. ट्रंकेवर चढल्या. एक खिळा ओठांत धरला, दुसरा भिंतीला लावला आणि हाणला.

वरून मालकाचा आवाज आला, "कोण ठोकतंय रे खाली?"

तोंडात खिळा होता, उत्तर देता येईना. काजबाईंनी आणखी एक घाव घातला.