चपलांच्या रॅकमागचा फळा

मित्रांनो, नाक मुरडू नका, पण मी एक जुना लाकडी फळा आहे. मंडईमागे एक जिना चढून गेलं की वर जयसिंग सरांचा स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो, तिथे मी असतो. दर दिवाळीला सर स्वतः मला काळा रंग द्यायचे. गुणोत्तर आणि मिश्रण शिकावं तर सरांकडून, आणि तेही माझ्यासमोर बसून, असं मुलं म्हणायची. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग भिंतीवर मोठा स्क्रीन आला. मुलं मोबाईलवर पर्याय दाबू लागली. चुकलं तर लाल, बरोबर आलं तर हिरवं. का चुकलं, ते कुणी विचारेना. मला उचलून चपलांच्या रॅकमागे उभं केलं. फार एकटं वाटायचं हो.

तिथे मला ऋतुजा भेटली. लोणी काळभोरची, घरी म्हशींचा गोठा. बँकेच्या भरतीसाठी तिची वयोमर्यादा संपत आलेली, ही शेवटचीच परीक्षा. तिचे वडील फोनवर ओरडून बोलायचे, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"यंदा न्हाई झालं तर बास कर पोरी. पाव्हणं बघून ठेवल्यात."

"हो आबा," एवढंच ती म्हणायची. मग रॅक सरकवून माझ्यावर गणित मांडायची.

चाळीस लिटर मिश्रण, दूध आणि पाणी तीनास एक. आठ लिटर मिश्रण काढून तेवढंच पाणी घातलं, तर आता प्रमाण किती? ती तीस लिटर दुधातून आठच्या आठ लिटर वजा करायची. गोठ्यावरची पोर ती! कॅनमधून काढलं ते दूधच, हे तिच्या अंगात मुरलेलं. दर वेळी उत्तर चुकायचं आणि ती रडवेली व्हायची. मला कळत होतं, पण फळ्याला तोंड कुठे असतं?

एकदा सर चप्पल काढायला वाकले आणि थबकले.

"अगं, तू नुसतं दूध काढलंस. पाणी काय बाजूला सरून उभं राहिलं?"

"म्हणजे... पाणीपण जातं, सर?"

"मिश्रण आहे ना ते? दोन्ही त्याच प्रमाणात जाणार. सहा लिटर दूध, दोन लिटर पाणी."

तिने भराभर लिहिलं. चोवीसास सोळा, म्हणजे तीनास दोन. "आई शप्पथ, एवढंच होतं?" म्हणत ती हसली.

ऋतुजा पास झाली, तिला नोकरीही लागली. पेढे घेऊन आली, सरांच्या पाया पडली, स्क्रीनपुढे सगळ्यांनी फोटो काढले. मी मागून बघत होतो. वाटलं, माझ्याकडेही येईल. नाही आली. बस गाठायची असेल. आनंद झाला आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, तुमच्या क्लासातही कोपऱ्यात एखादा फळा पडला असेल. त्याच्यावर आपलं गणित मोठ्या अक्षरांत मांडा. चूक दिसली तर दिसू द्या, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसली तरच ती कुणी सांगेल. लिहून झालं की खुशाल पुसून टाका आम्हाला. पण कुणीतरी लिहा.