ज्याचा त्याला परत

आमच्या बंदरात परदेशातून एक कंटेनर आला. कागदावर रद्दी लिहिलेली. उघडला तर आत वापरलेले डायपर आणि कुजलेलं अन्न. असा फसवून पाठवलेला कचरा पाठवणाऱ्यानेच परत न्यायचा, हा आंतरराष्ट्रीय करार आहे. पण तिकडच्या साहेबांनी 'कुठला कचरा?' म्हणत महिनोन्महिने कानावर हात ठेवले. यार्डाचा सुपरवायझर मी. मागच्या दारच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय बायको मला घरात घेईना.

आज अखेर तो कंटेनर जहाजावर चढला. जहाज दिसेनासं होईपर्यंत मी धक्क्यावरून हललो नाही. मग छातीभर श्वास घेतला.

घरी सवयीने नळाकडे वळलो, तर बायको म्हणाली, "अहो, आत या. आज वास नाही."

"गेला एकदाचा. ज्याचा त्याला परत."

तिने नळाशेजारी पाहिलं. माझ्या थोरल्या भावाने 'ठेव, लागेल कधीतरी' म्हणून आणून टाकलेला बंद फ्रिज तिथे गंजत होता.

"तो करार भावाभावांत चालतो का हो?"

मी लगेच फोन लावला. "दादा, तुझा फ्रिज पाठवतोय."

"कुठला फ्रिज?" दादा म्हणाला.

या उत्तराची आता मला चांगली सवय होती. "टेम्पो निघालाय," मी म्हणालो.