फोड दिसण्याआधी

सोनेरी दांडीचा स्क्रू—मोहरीहून बारीक—चिमट्यात धरून ती भोकात बसवणार, एवढ्यात वरच्या ओठाच्या कोपऱ्यात मुंगी चालल्यासारखं झालं आणि स्क्रू सटकला. तिने तो शोधला नाही. नाही... आज नाही. चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. समोर, बाजूला, गिऱ्हाइकाच्या हातात. प्रत्येकात तिचा ओठ दिसत होता, साधा, रोजचा, जरासुद्धा लाल नसलेला.

पण ती ओळखते. आधी मुंग्या, मग ठणका, मग फोडांचा घोस, मग खपली—आणि मालकांचं ठरलेलं, "काय, कोळी फिरला वाटतं ओठावरून?" डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, कशाने उठतं ते ओळखा आणि ते टाळा, ऊन, जागरण, सर्दी-ताप, मनाची ओढाताण. टाळलं की! आठवडाभर स्कार्फ नाकापर्यंत ओढून उन्हातून गेली, बसमध्ये सावलीची जागा मिळेना तेव्हा उभी राहिली, दिवा लवकर मालवला, शिंकणारं गिऱ्हाईक आलं की मालकांकडे पिटाळलं. सगळं कशासाठी, तर आज संध्याकाळी भावाचं तान्हं बाळ मांडीवर घ्यायचं म्हणून. बाईंनी हेही बजावलं होतं, की मुंग्या आल्या की फोड दिसायची वाट बघायची नाही, तेव्हापासूनच ते दुसऱ्याला लागतं. आणि एवढ्याशा जिवाला लागलं तर जिवावर बेततं.

मग चुकलं कुठे? दिवा मालवला खरा, पण अंधारात डोळे मिटून एकच चालायचं—उठेल का, नाही ना उठणार, मागच्यासारखं नाही ना होणार... म्हणजे ही काळजीच का ती मनाची ओढाताण? उन्हाला स्कार्फ आडवा धरता येतो. मनाला मी काय आडवं धरू? ते बाळ मला जवळ घ्यावंसं वाटतं, एवढंच ना माझ्या ओठाला खुपतं?

मागच्या वेळी, थोरल्या पुतणीच्या वेळी, ती फोड आलेल्या ओठावर रुमाल धरून दाराशीच बसली होती, लाजेने काही न बोलता. आणि भावजयीने लावायचा तो अर्थ लावला. स्वतःला मूल नाही, म्हणून हिने तोंड फिरवलं. आई पुढे कधीतरी बोलून गेली तेव्हा तिला ते कळलं. पुतणी अजूनही तिच्याजवळ येताना आधी आपल्या आईकडे बघते.

न जावं तर रुसली, जाऊन घेऊ नये तर जळते, आणि घ्यावं तर... मांडीवर घेतल्यावर पापी घेतल्यावाचून आपल्याला राहवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पाय भावाच्या घराकडे चालत राहिले.

भावजय आतून बाळाला घेऊन आली. "घ्या ताई. तुमच्यासाठीच जागं ठेवलंय याला." पेंगुळलेले डोळे, दुधाने ओले झालेले ओठ, टाळूचा तो वास. हात आपोआप पुढे झाले, आणि तिने ते मागे घेतले.

"नको गं. ओठावर उठतंय माझ्या. त्याला लागेल."

भावजय वाकली, निरखून बघितलं. शेजारी बसलेल्या आईनेही मान पुढे काढून बघितलं.

"कुठे काय आहे? चांगला स्वच्छ तर आहे ओठ."

"आतून मुंग्या येताहेत. उद्यापर्यंत दिसेल."

"उद्यापर्यंत," भावजय म्हणाली. "राहू दे ताई. नसेल घ्यायचं तर जबरदस्ती थोडीच आहे." आणि बाळाला खांद्याशी धरून ती खिडकीकडे वळली.

उद्या मी इथे कुठे असणार दाखवायला... आयुष्यभर जो लपवला, ज्याच्या पायी लग्नकार्यं बुडवली, फोटोत मान वळवून उभी राहिली, तो फोड आत्ता, या खुर्चीत, या दोघींच्या देखत उठावा असं तिला वाटू लागलं—मोठा, लालभडक, भरलेला, कुणालाही दिसेल असा. जिभेने ती तो कोपरा पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. ये ना रे, ती त्याला विनवत होती. लवकर ये.