न धरलेली किक

मी शिवच्या उजव्या पायातला बूट बोलतोय. आवाज जरा कर्कश वाटेल, पण सगळं आयुष्य लाथा मारण्यात गेलं; गोड कुठून बोलणार? डावा बूट दुसऱ्या कंपनीचा, मापाचा, मऊ. त्याचं काम नुसतं टेकून उभं राहायचं. चेंडूशी गाठ माझी.

मी मुद्दाम लहान मापाचा घेतलेला. कढत पाण्यात भिजवून ओलाच पायात चढवला आणि पायावरच वाळू दिला. आत जरा फट राहिली की चेंडू तिरका जातो, म्हणून किकर लोक असे हाल करून घेतात. शिवच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. मी पकड सोडली नाही. दया दाखवायला मला कुणी आणलं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर सगळा वेळ कडेला बसून असतो. बाकीचे हाडं मोडून घेतात, मग शेवटी याला बोलावतात. जमिनीवर धरलेला चेंडू दोन उंच खांबांमधून मारायचा, की तीन गुण. गेला तर त्यात काय एवढं! चुकला तर सगळ्या शहराला याचं नाव पाठ.

शिवचे बाबा, शशिकांत, वाळवंटातल्या चँडलर गावी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुलाचा हा धंदा त्यांना कधी पटला नाही. "लाथ मारीन तिथे पाणी काढीन म्हणतात आपल्यात. तू लाथ मारून काय काढणार रे?" असं चारचौघांत म्हणायचे. शिव हसायचा. ते हसणं खोटं असायचं. घराजवळच स्टेडियम, पण ते एकदाही सामन्याला आले नव्हते.

यंदा शिवच्या दोन किक लागोपाठ चुकल्या. कोचने त्याच्या देखत दुसऱ्या किकरला बोलावून त्याची परीक्षा घेतली. मग शिवला म्हणाला, "वन मोअर मिस, अँड यू आर गॉन." हे घरी कळलं, तेव्हा कुठे बाबा आले. खांबांच्या मागच्याच रांगेत बसले, नवी कोरी जर्सी घालून.

सामना संपायला आला. आम्ही दोन गुणांनी मागे. शिवला बोलावलं. चेंडू आला आणि मी असा मारला, असा मारला, की तसा जन्मात मारला नव्हता. सरळ मधोमध!

बाबा उडी मारून उठले. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. रडत रडत फोन काढला आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, "शिवने मॅच जिंकून दिली!"

पण शिट्टी आधीच झाली होती. आमच्या खेळात एक दुष्ट चाल आहे. किकर पाय उचलणार तेवढ्यात समोरचा कोच टाइमआउट मागून खेळ थांबवतो. त्या गडबडीत मारलेली किक धरत नाहीत; पुन्हा मारायची. मधल्या वेळात किकरच्या डोक्यात किडे वळवळावेत, एवढाच हेतू. चिप बनवणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

शिवने नेम धरायला वर पाहिलं. खांबांमधून त्याला बाबा दिसले. असे खूश झालेले बाबा त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याने पायाची बोटं आवळली. मला आत कळलं.

दुसरी किक खांबावर आपटून परत आली. बाबांनी ती पाहिलीसुद्धा नाही. ते मान खाली घालून नागपूरच्या नातेवाइकांच्या अभिनंदनांना उत्तरं देत होते. स्टेडियम गप्प झालं, तेव्हा त्यांनी मान वर केली.

दुसऱ्या दिवशी एका माणसाने शिवच्या हातात कचऱ्याची काळी पिशवी दिली. काढून टाकलेल्यांनी आपलं सामान त्यातच भरायचं असतं. त्याचं नावही त्या माणसाने धड उच्चारलं नाही.

पिशवी घेऊन शिव आई-बाबांच्या घरी गॅरेजमध्ये शिरला. आत बाबांचा फोन स्पीकरवर चालू होता. नागपूरहून वसुधाआत्या, बाबांची थोरली बहीण.

"अरे शशी, अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले मी! शिवला फोन दे ना."

बाबांनी दारात उभ्या शिवकडे पाहिलं. "तो... प्रॅक्टिसला गेलाय, ताई."

फोन ठेवल्यावर शिव म्हणाला, "बाबा, जस्ट टेल हर."

"सांगतो रे. पुढच्या रविवारी नक्की सांगतो."

बरेच रविवार गेले. दुसऱ्या कुठल्या टीमचा फोन आला नाही. आत्यांचा मात्र दर रविवारी न चुकता येतो. तो वाजला की शिव ताटावरून उठतो, गॅरेजमध्ये येऊन दार लावून घेतो आणि माझ्याशेजारी खोक्यावर बसतो. आतून बाबांचा आवाज येतो, "हो ताई, प्रॅक्टिसलाच."

मला कचऱ्यात टाका, माझी तक्रार नाही. पण वसुधाआत्या, एक रविवार फोन करू नका. या गावात गॅरेज फार तापतं, आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत हा मुलगा बाहेर येत नाही.