सायकल पुढे गेली

ही गोष्ट २०२३ सालच्या डिसेंबरातली. पद्माताई तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन नागावच्या घरी एकट्या राहत होत्या. मागे नारळ-सुपारीची वाडी, ओटीवर झोपाळा, आणि दर रविवारी पुण्याहून मुलाचा, देवव्रतचा, फोन. त्याचं टुमणं एकच, "आई, आता पुरे. घराला कुलूप लाव आणि इकडे ये."

दिवाळीत त्याने समोर बसून पुन्हा तेच काढलं, तेव्हा पद्माताईंनी हातातली चकली ताटात ठेवली.

"मी थकले असं तुला वाटतं ना? मग वेंगुर्ल्यापर्यंत सायकलने जाऊन दाखवते. एकटी."

"आणि वाटेत गाडीत बसलीस तर?"

"तर तिथूनच पुण्याला येते. पण पोचले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

देवव्रतने हसत कबूल केलं. खाडीवरची फेरीबोट तेवढी माफ केली. पाण्यावरून सायकल हाण म्हणण्याइतका काही तो कठोर नव्हता.

पद्माताईंची सगळी नोकरी सायकलवरच झालेली, त्यामुळे पायांची त्यांना काळजी नव्हती. माणसांचा विचार मात्र करायचा राहिला. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यापासून जो तो थांबवून विचारी, "पंक्चर काय?" कोर्लईत एका बाईने सुकटीची पुडी हँडलला बांधून दिली. पद्माताईंच्या घरात मासळी शिजत नसे, पण इतक्या मायेने दिलेलं नाही कसं म्हणायचं? पुढे तीन मांजरं बरीच लांबवर सोबतीला आली.

दुपारी काशीदला सुरूच्या सावलीत रंगूमावशीच्या टपरीवर त्या शहाळं प्यायला टेकल्या. रंगूमावशीने कोयता खाली ठेवला आणि चौकशी सुरू केली.

"एकटीच गो बाय?"

"एकटीच."

"नवरा?"

"वारले."

"पोरगा?"

"पुण्याला असतो."

"आन् तू सायकलवर. भांडान झालं काय?"

पद्माताईंना खोटं बोलण्याची सवय नव्हती. "झालं थोडं. घरावरूनच."

"आता कुठं जाशील?"

"वेंगुर्ल्याला."

"कोन हाय तिथं?"

"कोणीच नाही."

रंगूमावशीने पदराने डोळे पुसले, शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत, आणि बाकावर चादर घालून म्हणाली, "नीज जरा." पद्माताई आडव्या झाल्या आणि त्यांचा चांगलाच डोळा लागला.

उठून बघतात तर सायकल नाही.

"मावशी, माझी सायकल?"

"पुढं गेली."

"कुठे पुढे?"

"मुरूडला. आमचा येसाजी बर्फाचा टेम्पो घेऊन चाललेला, त्याच्यात चढवली. तू एसटीने जा. माझी नणंद केसर हाय तिथं. महिनाभर र्‍हा तिच्याकडं, कोन तुला जा बोलनार न्हाय. भात टाकायला सांगितलाय."

पद्माताई परत बाकावर बसल्या. सायकल मुरूडला, त्या काशीदला, आणि मधला रस्ता कापायचा तर एसटीत बसायचं. एसटीत बसायचं म्हणजे पुण्याला जायचं. त्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. रंगूमावशीचा विश्वास बसेना.

"पोरगा घरात न्यायला बघतो, आन् तू पळतेस?"

"पळत नाही. सायकल चालवते."

नेमका तेवढ्यात देवव्रतचा फोन आला. रंगूमावशीने तो पद्माताईंच्या हातातून काढूनच घेतला.

"काय रे, आईला रस्त्यावर काढलीस, आन् वर फोन करतोस?"

"आजी, कोण बोलताय तुम्ही?"

"मी कोन ते सोड. तिला घरात का घेत न्हायस?"

"मी तर तिला इथे येऊन राहा म्हणतोय."

रंगूमावशीने पद्माताईंकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि आवाज जराही खाली न आणता बाजू बदलली.

"तिला यायचं न्हाय तर का मागं लागतोस? तिचं घर न्हाय काय?"

देवव्रतला पैज आठवली. त्याने सावधपणे विचारलं, "सायकल कुठे आहे?"

"टेम्पोत."

"म्हणजे आई हरली."

"टेम्पोत लोखंड बसलंय. बाई माझ्या बाकावर बसलीय, मी बघतेय ना."

फोन ठेवून तिने येसाजीला लावला आणि त्याला दोन शिव्या हासडून परत बोलावलं. येसाजी अर्धा बर्फ वितळवून आला. शेजारी केसर, मांडीवर भाताचं पातेलं. घराबाहेर काढलेल्या बाईसाठी तिने एक लुगडंही आणलं होतं.

"बाहेर काढली न्हाय हिला," रंगूमावशी म्हणाली.

"मग लुगडं?"

"दे, आणलंस तर."

जेवण झालं. पद्माताईंनी पॅडल मारलं, आणि त्यांच्यामागून मुरूडपर्यंत येसाजीचा टेम्पो गोगलगायीसारखा आला. चढ लागला की येसाजी मान बाहेर काढी. "दमू नका ताई, बर्फ तसाबी गेला." वाटेत जो कोणी थांबवी त्याला तो दरडावी, "हिला कोन गाडीत घ्यायचं न्हाय."

ही ताकीद फोनवरून किनाऱ्याने पुढे गेली. केसरचे नातेवाईक, येसाजीची बर्फाची गिऱ्हाइकं, त्यांचे व्याही. दिघीला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावरच्या माणसाने तिकीट देण्याआधी विचारलं, "बोटीत चालतंय ना?" गुहागरला पद्माताईंना खरंच ताप भरला, तरी रिक्षावाले हात जोडून दूर उभे. एका डॉक्टरीणबाईंनाच मग त्यांच्याकडे चालत यावं लागलं. दोन दिवस त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतलं, आणि निघताना पद्माताईंनी बिल विचारलं तर त्यांना रागे भरल्या. देवव्रतला रोज अनोळखी नंबरांवरून फोन येत, "आई जेवली. आता चढावर हाय." वेंगुर्ल्याहून पद्माताईंनी फोन केला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला कळलंय. विषय बंद."

पुढे रस्ता रुंद झाला आणि रंगूमावशीची टपरी गेली. ती आता घराच्या पडवीतूनच शहाळी विकते. येसाजीने बर्फाचा धंदा सोडला. हल्ली तो न्हावा शेव्याला कंटेनर ओढतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकला की पद्माताईंना फोन करतो. केसर लेकीच्या बाळंतपणाला पनवेलला गेली ती तिकडेच रमली. देवव्रत मे महिन्यात नागावला येतो, वाडीला पाणी लावतो, आणि सणासुदीला फोनवर रंगूमावशीची बोलणी खातो.

पद्माताई नागावलाच आहेत. डावा गुडघा दुखतो, पण ते त्या कोणाला सांगत नाहीत.