मेणाच्या हिरड्या

अठरा वर्षं झाली, मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मग मेणाच्या हिरड्या लावून दात बसवते. मापावर नाव नसतं, नुसता नंबर.

मंगळवारी एकशे बारा नंबरचं प्लास्टर सुटून हातात आलं आणि माझं डोकंच फिरलं. डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला! वीस वर्षं जेवताना समोर बघतेय, मी ओळखणार नाही? सोबत चिठ्ठी: वरचे पुढचे सहा काढायचे, कवळी करा.

तशीच तडक घरी गेले. आमचे हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वरचे दात त्यावर घट्ट टेकवावे लागतात, तेव्हा कुठे सूर धरतो. कवळीवर वाजवणारा मी तरी अजून पाहिला नाही.

हे क्लॅरिनेट पुसत बसले होते. मी ते प्लास्टरचे दात पुढ्यात आदळले.

"काय हो हे? जगाला कळलं, बायकोला शेवटी! आणि एकही कीड नाही म्हणून मिरवत होतात ना?"

"कीड नाहीच. दात धडधाकट आहेत, हिरड्या गेल्या. कडेला घाण साचून दगडासारखी झाली, आतलं हाड झिजलं. आता सहाही हलतात. दुखलं नाही गं कधी."

"रक्त तर येत होतं ना? डोळे फुटले होते? ब्रश का सोडलात तिथे?"

ह्यांनी मान वर केली. आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते.

"तूच म्हणालीस, रक्त येतंय तर तिथे घासू नका, जरा विश्रांती द्या. दातांतलं तुला जास्त कळतं, म्हणून ऐकलं."

म्हणाले होते मी. दोन वर्षांपूर्वी, बेसिनपाशी, घाईघाईत, वर शहाणपणाचा आव आणून. मेली माझी अक्कल! अठरा वर्षं हिरड्या करते, पण हिरडीतून रक्त का येतं हे कधी कुणाला विचारलं नाही; घाणीनंच येतं, तिथेच तर नीट घासायचं असतं. मेणाच्या हिरडीतून कुठलं आलंय रक्त!

"तुझ्याच हातचे बसव," हे म्हणाले. "सुळा तसाच दिसू दे."

"दिसेल हो, हुबेहूब दिसेल!" मी ओरडले. "पण वाजेल का, ते सांगा!"

ह्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून सुटे केले, पेटीत ठेवले आणि कडी लावली.